उणे एक्केचाळीसवरचं स्टूल

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत, एक रेडिओ मेकॅनिक राहतात. रेडिओ आता कोणी दुरुस्तीला आणत नाही. मिक्सर, इस्त्री, पंखे, ओव्हन, समोर येईल ते उघडून बसतात. पण दुकानाच्या पाटीवर अजून 'रेडिओ'च आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी फार वर्षांपूर्वी त्यांचं नाव खरखरकाका ठेवलं. त्यांच्या दुकानावरून जाताना कुठल्यातरी रेडिओची खरखर ऐकू यायचीच. मी मुलांना एकदा चांगलं दटावलं आणि महिन्याभरात स्वतःच तसं म्हणायला लागले.

नाव काही खोटं नव्हतं. वैद्यानं नाडी बघावी तसे ते खरखर ऐकायचे. डोळे मिटून, मान जरा तिरकी करून. मग म्हणायचे, "ही तारेची नाही, ही आतली आहे," आणि बरोबर तिथेच हात घालायचे.

त्यांच्या बायकोला मुलं फलाटमावशी म्हणत. बस स्टँडवर छत्तीस वर्षं गाड्यांची घोषणा तीच करायची. आवाज असा की झोपलेला माणूस उठून बॅग उचलेल, पण दचकणार नाही. घोषणेच्या शेवटी ती स्वतःचं एक वाक्य जोडायची, "पळू नका, गाडी थांबलेली आहे." साहेबांनी दोनदा लेखी समज दिली. तिने दोन्ही वेळा सही करून कागद घेतला आणि वाक्य चालू ठेवलं. म्हणायची, "पायऱ्यांवर म्हातारी माणसं पडतात, साहेब पडत नाहीत."

दोघांची ओळखही लाउडस्पीकरवरूनच झाली. स्टँडचा स्पीकर जळाला, हे दुरुस्त करायला गेले, आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन उभी राहिली. "तुम्ही हात लावल्यापासून माझ्या तोंडून बदक बोलतंय." बदक काढायला यांनी तीन आठवडे घेतले. एवढं काम नव्हतं, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

ती निवृत्त झाल्यावर स्टँडवर यंत्र बसलं. त्यात दुसऱ्याच कोणा बाईचा आवाज. छत्तीस वर्षांत हिचा आवाज कोणी टेपवर घेतला नाही. ज्या माणसाच्या घरात नऊ टेपरेकॉर्डर पडलेले, त्यानेही नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

यंदा तिचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग गोळ्या झाल्या. शेवटी घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे खुणांनी किंवा लिहून बोलायचं.

रुग्णालय मोठ्या शहरात, आठ तासांच्या वाटेवर. खरखरकाका तिला घेऊन गेले आणि तिथेच तापाने फणफणले. खोकला लागला. वॉर्डातल्या नर्सने दाराशीच अडवलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला संसर्ग झाला तर सगळंच फसलं. दोन दिवस ते बाकावर बसून राहिले. मग तिच्या धाकट्या बहिणीने त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं. ऑपरेशन सोमवारी होतं. तोवर बरे होऊन परत जायचं असं ठरलं.

बुधवारी सकाळी नऊला त्यांनी माझं दार वाजवलं. अंगात ताप, गळ्याला मफलर.

"बाई, उद्याच घेतायत. सकाळी सातला."

मेव्हणीचा निरोप आला होता. वॉर्ड तळघरात, तिथे मोबाईलची रेंज नाही, फक्त रुग्णालयाचं वायफाय. आज संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटं फोन लावून देणार. डॉक्टरांनी घशाला तेवढीच परवानगी दिली होती.

"निघालो तरी पोचेन पाच-सहाला, आणि हा खोकला घेऊन मला आत कोण सोडणार? दहा मिनिटं आहेत बाई. पुढे नाहीच." मग म्हणाले, "आणि आपल्या घरातलं वायफाय तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज नावालाच. घरात वायफाय, तेही तिच्याच हट्टाने लावलेलं. पण दोन खोल्यांत भिंती जाड, मध्ये लोखंडी कपाट. बोलता बोलता माणूस विहिरीत पडल्यासारखा व्हायचा.

"खडू आहे का?" त्यांनी विचारलं.

निवृत्त शिक्षिकेच्या घरी खडू नसेल तर काय असेल.

सिग्नल किती जोरात येतो ते आकड्यात दाखवणारं काहीतरी त्यांनी फोनवर उतरवून घेतलं होतं. फोन तळहातावर आडवा धरून ते पावलापावलाने चालायचे, थांबायचे, आणि फरशीवर आकडा लिहायचे. मोरीच्या दाराशी उणे चौऱ्याहत्तर. ओट्यापाशी उणे एकाहत्तर. कपाटामागे उणे अठ्ठ्याहत्तर, आणि ते एकदम खूश झाले.

"सापडली जागा!"

"काका," मी म्हटलं, "उण्यात मोठा आकडा म्हणजे लहान. उणे चाळीसकडे जायचंय आपल्याला."

"म्हणजे नापास."

"सातवीत निम्मा वर्ग इथेच पडतो."

तेवढंच हसलो. मग दोघांनी मिळून तिचं कपाट ढकललं. ते हलेना म्हणून आतले कपडे काढून पलंगावर ठेवले. ते प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी उचलत होते, घडी मोडू नये म्हणून, आणि दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. वायफायचा डबा दारावरून काढून खोलीच्या मधल्या खुंटीवर टांगला. पुन्हा आकडे. शिलाई मशीन आणि पलंग यांच्या मध्ये एक हातभर जागा निघाली. उणे एक्केचाळीस. त्यांनी तिथे खडूने गोल काढला आणि गोलावर लाकडी स्टूल ठेवलं.

"आता आवाज तपासू. तुम्ही तुमच्या घरात जा आणि फोनवर वाचा. काहीही वाचा."

मी आठवीचं जुनं पुस्तक काढून धडा वाचला. भिंतीपलीकडून ते ओरडले, "वर्गात वाचताय का? हळू! तिचा आवाज आता एवढा कुठाय!"

मग मी कुजबुजत वाचलं. तिचा आवाज गेल्या दोन महिन्यांत कसा झाला होता ते मला ठाऊक होतं, वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा. मी तसं वाचत गेले.

"काका, ऐकू येतंय ना?"

"येतंय," ते म्हणाले. "स आणि श वेगळे येतायत. तुमचं येतंय म्हणजे तिचंही येईल."

दुपारभर त्यांनी नऊपैकी एक टेपरेकॉर्डर चालता केला. फोनमधून एक वायर काढून त्यात खुपसली, म्हणजे आवाज टेपच्याच स्पीकरवर येणार आणि आत भरलाही जाणार. कोरी कॅसेट. आवाज दाखवणारी सुई हलते का ते वीसदा पाहिलं. अंगात ताप होता, तरी कथिलाने झाळलेला टाका माळेतल्या मण्यासारखा गोल. दोन घास खा म्हटलं तर म्हणाले, "पाचनंतर." मला त्या शब्दाची भीतीच वाटली. पाचनंतर काय करायचं हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं.

पाच वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"भाऊजी, ताईकडे फोन देते. नर्स इथेच उभ्या आहेत. दहाच मिनिटं," मेव्हणी म्हणाली. स्वच्छ आलं.

मग ती. "अहो, ऐ... का?"

"ऐकतोय. बोल तू, बोल."

"मी काल... ला सांगि... तुम्ही मात्र... नाहीतर पु..."

काका स्टुलावर पुढे झुकले. "काय? परत बोल."

ती परत बोलली. पुन्हा तुकडे. शब्दाचं डोकं यायचं, धड यायचं नाही. त्यांनी फोनकडे पाहिलं. उणे चाळीस. सकाळपेक्षाही एकाने बरा.

"परत सांग गं. एकदा."

"भाऊजी," मेव्हणीचा आवाज आला, तोही आता तुटत होता, "तिला... परत... लावू नका, घसा..."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. विचारावं तर तिचा घसा फाटणार, न विचारावं तर तिचं बोलणं असंच वाहून जाणार. ते स्टुलावरून उठले, बसले, फोन उंच धरला, खाली धरला, खिडकीशी गेले तर वायर ताणली, परत आले. आकडा होता तिथेच.

"खरखर नाहीये," ते माझ्याकडे बघून म्हणाले. एवढा हताश चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "बाई, खरखरच नाहीये. असती तर मी सांगितलं असतं कुठे बिघडलंय. हे नुसतं गिळतंय."

घड्याळात पाच वाजून आठ.

तेवढ्यात खालून आवाज आला. टिंग.

आणि ती एकदम स्वच्छ बोलली, "...जेवलात का?"

काका काही बोलायच्या आत पुन्हा तुकडे सुरू. अर्ध्या मिनिटाने पुन्हा टिंग. पुन्हा तीन-चार शब्द नीट. त्यांची मान तिरकी झाली. डोळे मिटले. मी ओळखलं, हे आता ऐकतायत.

"माझंच आहे," ते म्हणाले.

खाली बेकरी आहे. तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन दोन महिन्यांपूर्वी यांच्याकडे आला होता. घंटी गेली होती म्हणून यांनी जुन्या गजराच्या घड्याळाची बसवली, आणि तेव्हापासून ती अख्ख्या इमारतीला ऐकू येते. दाराचा बिजागरही गेला होता. दार पुरतं मिटल्याशिवाय ओव्हन चालू होत नाही, म्हणून यांनी आतला खटका तारेने बांधून दिला. "आठवड्यात नवा बिजागर आणतो, तोवर चालव." त्याच आठवड्यात फलाटमावशीची गाठ निघाली, आणि बिजागर डोक्यातून गेला तो गेलाच. ओव्हनमधल्या लहरी आणि वायफायच्या लहरी जवळजवळ एका जातीच्या असतात, हे मला नंतर कळलं. दार घट्ट असेल तर त्या आतच राहतात. इथे दाराला बोटभर फट होती. सकाळचे पाव विकून आठ वाजता बेकरी बंद होते. साडेचारला उघडते आणि पाचला कारखाना सुटला की गरम पावांसाठी रांग लागते. आम्ही दिवसभर जे मोजलं ते शांत घरात मोजलं. जोर मोजला होता. गोंगाट मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांच्या आयुष्यात गोंगाट आपणहून ऐकू येत आला होता.

त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "धरा. तिला सांगा, थांब. एक मिनिट थांब म्हणावं." आणि खोकत खोकत जिन्यावरून धावले.

मी फोन कानाला लावला. चाळीस वर्षांची सवय, फोन कानालाच लावायचा. वायर आखूड होती, ती फोनमधून सुटली. मला तेव्हा कळलंही नाही. मला एवढंच कळलं की खालून ओरडणं ऐकू येतंय.

"बंद कर! आधी बंद कर!"

"अहो काका, गिऱ्हाईक उभंय!"

"प्लग काढ म्हणतो ना!"

आणि माझ्या कानात ती आली. कोरी, स्पष्ट, श्वासासकट.

"बाई? तुम्ही? हे कुठे गेले?"

"खाली गेलेत, आलेच. तुम्ही थांबा हो जरा, बोलू नका. ते येईपर्यंत घसा राखून ठेवा."

"थांबायला वेळ कुठाय, बाई." ती हसली. हसू म्हणजे नुसता वारा. "गेले ना पळत? स्पीकर जळाला तेव्हाही असेच पळाले होते." मग म्हणाली, "सांगा त्यांना, घाबरायचं नाही म्हणावं. मी नाही घाबरलेले." थोडं थांबली. "जरा घाबरलेय. ते सांगू नका." पुढे म्हणाली, "निळा स्वेटर कपाटात खालच्या खणात आहे, तो घाला म्हणावं, ताप असताना मफलरने काय होतंय. आणि दुकानाच्या पाटीवरचा रेडिओ काढू नका. लोक हसले तर हसू देत."

मी दाराकडे बघत होते. जिन्यावर पावलं वाजत होती, मध्येच थांबून खोकत होती. मी ओरडले, "काका, लवकर!"

तिला ते ऐकू गेलं असावं. कारण तिने श्वास घेतला आणि त्या फाटक्या आवाजात, अगदी जुन्या चालीवर म्हणाली, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. पळू नका, गाडी थांबलेली आहे."

ते आत आले तेव्हा ती 'आहे' म्हणून संपली होती. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"आलो. आलो गं. हा बघ, आलो."

"कुठे होतात?"

"खाली. जरा दुरुस्तीला."

"आत्ता? दुरुस्तीला?"

"हं. आता नीट येतंय. आता बोल तू. सगळं पहिल्यापासून बोल."

पलीकडे नर्सचा आवाज आला. मग मेव्हणीचा, "भाऊजी, झालं. आता तिला बोलू देणार नाहीत." मग काहीच नाही. ते पाच मिनिटं तरी फोन कानाला धरून स्टुलावर बसून राहिले. फोनवर आकडा पुन्हा उणे एक्केचाळीस होता.

मग त्यांना टेप आठवला. त्यांनी कॅसेट मागे घेऊन लावली. "मी काल... ला सांगि... तुम्ही मात्र..." तुकडे, मेव्हणी, '...जेवलात का?', पुन्हा तुकडे. मग एक खट्ट, आणि पुढे कोरी फीत. ती सरकत राहिली. सुई पडलेली.

त्यांनी जमिनीवर पडलेलं वायरचं टोक पाहिलं. मीही पाहिलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"काका, मी कानाला..."

"फोन कानालाच लावतात, बाई," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी घरी आले आणि दिवा न लावताच खिडकीपाशी बसून लिहून काढलं, विसरायच्या आत. आयुष्यभर मुलांना श्रुतलेखन घातलं, आता स्वतः लिहीत होते. तिचा प्रत्येक शब्द, ती थांबली तिथे टिंब. फक्त दोन वाक्यं गाळली, तिने सांगू नका म्हटलेली. कागद नेऊन दिला तर त्यांनी न वाचताच घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "आत्ता नको. उद्याचं पार पडू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीत जाऊन बिजागर बदलला, खटक्याची तार काढून टाकली, आणि दुकान बंद करून स्टुलावर येऊन बसले. ऑपरेशन दुपारी दोनपर्यंत चाललं. पार पडलं.

ती बाविसाव्या दिवशी घरी आली. गळ्यात श्वासासाठी केलेल्या छिद्रावर पांढरा कपडा, आणि हातात माझ्या शाळेतली पाटी. फरशीवरचे आकडे काकांनी पुसू दिले नव्हते. तिने मोरीपासून कपाटापर्यंत सगळे वाचले, स्टुलाखालचा गोल पाहिला, आणि पाटीवर लिहिलं, "घराची शाळा केलीत?"

संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. खिशातून तो कागद काढला. घडीवर घामाचे डाग.

"वाचा, बाई. आपण त्या दिवशी तपासलं ना, तसं. हळू."

मी कुजबुजत वाचायला लागले. दोन ओळी होतात न होतात तोच तिने पाटीवर काहीतरी लिहून त्यांच्याकडे वळवलं. 'बदक.' ते एवढे हसले की पुन्हा खोकला लागला. मला वाटलं, चला, आता निभावलं.

मी पुढे वाचलं. "घाबरायचं नाही म्हणावं. मी नाही घाबरलेले. निळा स्वेटर कपाटात खालच्या..."

"थांबा." त्यांची मान तिरकी झाली होती. "इथे काहीतरी गळलंय."

"नाही हो. एवढंच."

"बाई, ती असं म्हणून एकदम स्वेटरवर नाही जाणार. मध्ये काहीतरी आहे. तुमचा श्वास तिथे अडखळला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खडू बोटांत फिरवत बसली होती. मग तिने पाटी उपडी करून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी म्हटलं, "जरा घाबरलेय. ते सांगू नका."

खोलीत नुसता तिच्या गळ्याच्या कपड्याखालून येणारा श्वासाचा आवाज होता, बारीक, जरा खरखरीत. काका तो डोळे मिटून ऐकत होते.

"हं," शेवटी म्हणाले. "आता स्टेशन लागलं. पुन्हा वाचा, बाई, पहिल्यापासून. आणि 'फलाट'च्या आधी जरा थांबा. ती थांबायची तिथे."